तुळस न धरणारी जागा

आबा, आज देवीच्या देवळाच्या मागच्या भिंतीला तुमचा चुना लागला. माझ्या हाताने लागला. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

देवळाला सिमेंट फासलं तेव्हापासून तुम्ही आत जायचं सोडलंत, बाहेरूनच हात जोडायचात. त्या सिमेंटाआड पाणी कोंडलं आणि आतला जांभा दगड भुसभुशीत झाला. आता शहरातून एक मॅडम आल्यात. जुनं काम जुन्याच रीतीने करायचं म्हणतात आणि गावातल्या बायकांना ते शिकवतात. मी पहिल्याच दिवशी नाव दिलं. शेजारची सून म्हणाली, "काकू, नातवंडं खेळवायची सोडून आता गवंडीण होताय व्हय?" म्हटलं, "व्हय. तुझं न्हाणीघर गळतंय, तेच आधी घेते." आम्ही मागच्या भिंतीचं सिमेंट खरवडून काढलं, बाजारातल्या पिशवीतला चुना भिजवला, गूळ-हिरड्याचं पाणी घातलं, भिंतीला लावला. तिसऱ्या दिवशी सगळीकडे केसासारख्या भेगा. मॅडम म्हणाल्या, चुना कोवळा आहे, वर्षानुवर्षं मुरलेला पाहिजे, तो आता आणायचा कुठून? नाही मिळाला तर भिंत पावसाळाभर उघडी राहणार, देवीच्या पाठीशी पाणी झिरपणार. कुठे आहे ते मला ठाऊक होतं आणि सांगायची लाज वाटत होती.

मी पाचवीत असेन. मागल्या दारी तुम्ही चुन्याची कळी हौदात ओतताय, दिघीच्या खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेली. पाणी खदखदतंय, वाफ माडाच्या झावळ्यांपर्यंत चाललीय. मला ते पांढरं ढवळून बघायचं असतं. मी बोटं बुडवते आणि तुम्ही मनगटाला धरून मला मागे ओढता. "हात काढ. चुना हाय तो, पिठलं न्हाय." मग बोटांना खोबरेल चोळत बसता, आणि मी त्या ओरडण्यावर रुसून बसते. त्यानंतर तुम्ही मला हौदापाशी फिरकू दिलं नाहीत. गावातल्या कुणाच्याही मुलाला गवंड्याची थापी दिलीत, मला फक्त लांबून बघू दिलंत. मॅट्रिक झाले तेव्हा काय हवं म्हणून विचारलंत. मी थापी मागितली. तुम्ही माणगावच्या बाजारातून पेन आणलंत. "तुझ्या हाताला ह्येच बरं." दोनदा निब बदलली, पेन अजून तेच आहे. वाणसामान, देवाचे नेम, सगळं त्यानेच लिहिते. हेही वाणसामानाच्या वहीत मागच्या पानावर लिहितेय.

तुम्ही गेल्यावर आम्ही इथेच, तुमच्या घरात राहायला आलो. मी हौद मातीने भरला आणि वर तुळस लावली. ती जळाली. दुसरी लावली, तीही जळाली. तिसरीही गेल्यावर वाटलं, आपल्याच नेमात काहीतरी चुकतंय, म्हणून एकादशी धरली. ती अजून चालू आहे. परवा ह्यांना घेऊन तीच जागा खणायला लागले. हातभर मातीखाली पांढरं दिसलं. फावडं आत गेलं आणि बाहेर आलं ते लोणी लागलेल्या रवीसारखं. हे म्हणाले, "अगं, तुझ्या बापाने ठेवा पुरून ठेवलाय." मी म्हटलं, "पुरला मी." ते हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करते.

आज सकाळी मॅडमनी रिकाम्या केलेल्या त्याच हौदात नवी कळी विरवायला घेतली, पुढच्या कुणासाठी तरी. शेजारची सून वाकून बघत होती आणि बघता बघता तिने हात पुढे केला. मी तिचं मनगट धरून ओढलं. "हात काढ. चुना हाय तो, पिठलं न्हाय." ती दचकून माझ्याकडे बघत राहिली. माझे हात कापत होते. आणि तेव्हा इतक्या वर्षांनी आठवलं आबा, खोबरेल चोळताना तुमचेही कापत होते.

मग देवळात गेलो. तुमचा चुना चाळला, मळला, लावला, गुळगुळीत गोट्याने घोटला. संध्याकाळी तुम्ही पाहायचात तसं अंगठ्याचं नख दाबून पाहिलं. उमटलं नाही. मी मागे वळून बघितलं. तुम्ही मान हलवाल म्हणून.

एक सांगायचं राहिलं. चुना वाळून फुकट गेला म्हणून हौद बुजवला, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. तो तेव्हाही मऊ होता. मी काठी घालून पाहिलं होतं. तुम्ही मला शिकवलं नाहीत, तर तो आता कुणालाच मिळू नये, एवढंच तेव्हा मनात होतं. मॅडम म्हणतात, कुणीतरी जाणत्याने वरून माती घातली म्हणून चुना इतकी वर्षं टिकला. त्यांनाही मी खरं सांगितलं नाही.