रुबीनाचा हलका एप्रन

मंगळवार, संध्याकाळ. टँकर आजही आला नाही.

माझ्या हाताखाली एक्स-रे शिकलेली रुबीना आली होती. मान, खांदा धरलाय म्हणे. डॉक्टरांनी ‘कामामुळं’ असं लिहून दिलं. रजा मिळाली, वर नवा हलका एप्रन! मी शिशाच्या जड एप्रनात सबंध नोकरी काढली. उजवा खांदा दाखवला तेव्हा डॉक्टर हसले होते, "बाई, टँकरवरचे हंडे कमी उचला." हंडे तर आमचे हे भरायचे! कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर मत्सराला पाप म्हणायच्या. त्यांनी कुठं एप्रन घातला होता? हलका एप्रन म्हणे!

मी चहा ओतत होते, तर रुबीना म्हणाली, "मॅडम, डाव्या हातानं का ओतताय?"

"सवय."

इतक्या वर्षांत हे विचारणारी ती पहिलीच. आणि मला राग येतोय तोही तिचाच.