काळ्या कोटाशेजारी पांढरं पागोटं

प्रिय आई, सालकीनचा सलाम.

बिश्केकला थंडी आहे, पण कोळसा भरपूर आहे. काळजी करू नकोस.

शुक्रवारी बाजारात दोघांच्या नकळत त्यांचा एक फोटो टिपला. काळ्या कोटातला दांडगा तरुण आणि त्याच्याशेजारी, तू बांधतेस तसल्या पांढऱ्या पागोट्यातली कुणी म्हातारी. मी काळ्याशेजारचं पांढरं तेवढं पाहिलं, चेहरा पाहिलाच नाही.

फोटो धुतल्यावर तुला ओळखणारी शेजारची बुरुल तो पाहून म्हणाली, "काय गं, आईला शहरात आणलंस आणि आमच्याकडे साधं चहालाही नाही?"

चेहरा तुझाच होता. बाहीवर मी लावलेलं निळं ठिगळही होतं. आणि आपल्या गावाकडची खिंड तर महिनाभर बर्फानं बंद आहे.

माझीच नजर चुकली असेल. छातीत दुखायचं थांबलं ना? खिंड उघडून हे पत्र पोचलं की उत्तर धाकट्या बेक्तूरकडून लिहवून घेऊ नकोस, स्वतः लिही.

तुझ्या अक्षराकडे डोळे लावून,
सालकीन