भ्यालेल्या हत्तीची हाक

मंगळवार, पौष महिना
राहुरी

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी संध्याकाळी देवळात पोथी सांगते. आज मगरीने पाय धरलेल्या हत्तीची गोष्ट होती. तो देवाला हाक मारतो, ती. नेहमीसारखं बोलून गेले, "खऱ्या भक्ताला भीती शिवत नाही."

पोथी बांधत होते, तेव्हा कांता जवळ आली. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली, कडेवर तान्ही मुलगी.

"बाई, परवा उसातनं बिबट्या निघाला. ही बांधावर निजलेली. मी हिला पोटाशी धरलं, देवाचं नाव घेतलं, पर पाय लटलट कापत हुते. समद्यांनी आरडाओरडा केला तवा त्यो गेला. मी लई भ्याले. माजी भक्ती कमी पडली का?"

अजूनही तिचे ते कापणारे पाय मनातून जात नाहीत. तशाच पायांवर ती लेकरासाठी उभी राहिली, आणि मी तिला काय शिकवत होते? इतकी वर्षं ही गोष्ट सांगते. हत्ती भ्याला होता का, हा विचार कधी केलाच नाही.

"भ्याला होता, म्हणून तर त्याने हाक मारली," मी म्हणाले. "माझंच चुकलं, कांता."

"मग देवाला राग न्हाई आला?"

"नाही गं. तो धावत आला."

अंधारून आलं होतं, म्हणून तिला तिच्या कोपीपर्यंत, पाचटाच्या झोपडीपर्यंत, सोडायला गेले. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. मला भीती वाटत होती. मी मोठ्याने देवाचं नाव घेत चालले, आणि कांताने माझा हात धरला.