एका खोलीचं घर

प्रिय धाकटे,

मुख्याध्यापिका झाल्यापासून फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून लिहितेय, आणि अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझ्या शाळेत मार्क नक्की कुणाला मिळतात, पोरांना की त्यांच्या बापांना? घराची प्रतिकृती करून आणा म्हणे. कुणाचा तरी इंजिनियर बाप खिडक्यांत दिवे लावून करून देतो, पोरगं नुसतं उचलून आणतं. आमच्या टिकलीने स्वतः केली. शर्टाच्या घडीत घालतो त्या पुठ्ठ्याची खोली, काडेपेटीचं इस्त्रीचं टेबल, दोरीवर कागदाचे सदरे. दाराशी माझी चप्पलसुद्धा, अंगठा तुटलेली. ती तरी धड दाखवायचीस, म्हटलं, तर म्हणे मग आपलं घर कसं वाटेल?

तुझ्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाकीच्या खोल्या कुठायत?"

टिकली म्हणाली, "एवढीच आहे."

वर्ग हसला. बाईंनी लाल पेनाने 'अपूर्ण' लिहिलं. अगं, आम्ही इतकी वर्षं राहतोय त्यात, आम्हाला कधी अपूर्ण वाटलं नाही.

आणि असले मार्क धरून तू तिला मागच्या तुकडीत टाकलंस. का, तर घरी अभ्यास घेणारं कुणी नाही. मग जिला घरी कुणी नाही तिला जास्त शिकवायचं की कमी? मी फारशी शिकले नाही, पण एवढं मलाही कळतं. त्या तुकडीत विज्ञानाच्या बाई कधीतरी उगवतात, आणि तिथून मोठ्या परीक्षेला कुणी बसल्याचं अजून ऐकलं नाही. भाची म्हणून झुकतं माप देणार नाही, असं आईला ऐकवलंस. नकोच देऊस. पण भाची म्हणून जास्त कडक व्हायला तरी कुणी सांगितलं?

आमच्याकडे टेबल एकच, त्यावर दिवसभर लोकांचे कपडे. ते रिकामं होईतो पोर पेंगायला लागते. आणि तुमचे दिवे-बाकांचे वर्ग शाळा सुटली की कुलपात. एक वर्ग संध्याकाळी उघडा ठेव. शिकवायला एखादी बाई बसव, दंगा करणाऱ्यांना गप्प करायला मी येते, माझा आवाज तुला ठाऊक आहे. गल्लीतली सगळीच पोरं येतील. आणि ते घरून करून आणा बंद कर. काय करायचं ते वर्गात करू दे, सगळ्यांना सारखाच पुठ्ठा देऊन.

आज हे लिहायला बसले, कारण सोमवारपासून टिकली शाळेत गेलेली नाही. रडत नाही, भांडत नाही. दप्तर खुंटीला लावलंय आणि स्टुलावर उभी राहून रुमालांना इस्त्री करते. काल एक गिऱ्हाईक कौतुकाने म्हणालं, पोरीचा हात छान बसलाय. खरंच बसलाय गं. तिला पुढच्या तुकडीत घेणार की नाही आणि वर्ग उघडणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळव. नाहीतर शनिवारी मी शाळेत येईन, आणि सगळ्या बाईंसमोर तुला मॅडम म्हणणार नाही.

तुझीच, चिडलेली,
ताई