लाल चिंधी कोणी सोडली?

भिलाई, सेक्टर ७
११ मार्च २०२४

ती. स्व. सिंधुताईस,
बाबारावचा शि. सा. नमस्कार. यावेळी खुशाली नाही, आधीच सांगतो.

तुह्या लाडक्या धाकट्या भावानं, प्रवीणनं, शनिवारी माह्या घराले आग लावली. बेचाळीस वर्षांचा घोडा झाला, सुपेल्यात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, लग्न नाही का काही नाही, अन् शौक काय तं रिमोटचे विमानं उडवाचा! त्याच्या विमानाची लिथियम बॅटरी, चार सेलचा पॅक, भर दुपारी मागच्या खोलीत चार्जरवर फुटली. आधी धूर, मंग फटाक्याच्या लडीसारखी तडतड, अन् मंग जाळच जाळ. पडदा पेटला. तुही भावजय कलावती स्वयंपाकघरातून धावली अन् जळता पॅक उजव्या हातानं उचलून खिडकीबाहेर फेकला. ताई, तिच्या पंजाचं कातडं सोललं गेलं. तिची किंकाळी अजून माह्या कानातून जात नाही. तीन बोटं पुन्हा वाकतील का नाही, डॉक्टर सांगत नाही.

प्रवीण दुकानातून धावत आला तं मी फरशी पुसाच्या वायपरचा पाइप घेतला. पहिला पाठीत, दुसरा हातावर. कडकन आवाज झाला. तिसरा डोक्यात बसला असता, पण शेजाऱ्यांनी मले धरलं. त्या भैताडानं अडवाले हातही उचलला नाही, नुसता उभा! त्यानं मले अजून चेव आला. मोबाइल त्याच्या तोंडावर फेकला, तो भिंतीवर फुटला, म्हणून हे पत्र. त्याचे चारही विमानं पायाखाली तुडवले.

तो उतईले तुह्याकडे आला आहे, मले मालूम आहे. त्याले सांगून देजो, या क्वार्टरची पायरी चढला तं दुसराही हात मोडीन. बाबा गेल्यापासून मी पोसला त्याले. कलावतीनं पोटच्यासारखं वाढलं, अन् तिचाच हात जाळला त्यानं!

कळावे. यावेळी माया मागत नाही, न्याय कर.
तुहा बाबाराव


उतई
१३ मार्च २०२४

चि. बाबारावास,
उदंड आयुष्य अन् थोडी अक्कल, दोन्ही आशीर्वाद संगच पाठवून राहिली. शेजारची कमलिनी रोज सुपेल्याले कामाले जाते, तिच्या हाती उत्तर देजो. दुसऱ्याच्या मोबाइलवरून मले फोन करू नको. फोनवर तू भोकतो.

प्रवीणच्या हाताची दोन हाडं मोडली. उजवा हात प्लास्टरमध्ये, घास मले भरवा लागते. पाठीवरचा वळ पाहून मले रात्रभर रडू आलं, बाबाराव. गुरालेही कोणी असं मारत नाही. पोलिसात जा म्हटलं तं मलेच विचारते का मंग वहिनीले कोण पाहीन. तुह्याबद्दल वाकडा शब्द नाही त्याच्या तोंडात.

पण एक गोष्ट मी खोदून खोदून काढली. तो पॅक पार उतरून फुगला होता, म्हणून त्यानं गुरुवारीच बाद केला होता. वाळूच्या बादलीत ठेवला अन् वरून लाल चिंधी बांधली. लाल चिंधीचा अर्थ तुले मी सांगू काय? तूच आमाले सांगत आला का प्लांटात बंद मशीनले ज्यानं लाल चिंधी बांधली, त्यानंच सोडाची. दुसऱ्यानं हात लावला तं मानूस मरते. यापायीच तू एका हेल्परच्या कानफटात हाणली होती, अन् फुशारकीनं वर्षभर सांगत फिरला.

मंग ही चिंधी कोणी सोडली? प्रवीण तं शनिवारी सकाळी आठलेच दुकानात गेला होता. तो पॅक काय वाळूतून उठून आपल्या पायानं चार्जरवर चढला?

म्हाताऱ्या बहिणीवर लोभ असू दे, पण आधी खरं लिही.
तुही सिंधुताई


उतई
१४ मार्च २०२४

ती. स्व. दादांस,
सा. न. वि. वि. डाव्या हातानं लिहून राहिलो, अक्षर सांभाळून घ्या.

वहिनीचा हात कसा आहे? डॉक्टर सांगीन तशी पट्टी रोज बदला, कंटाळा करू नका. अन् एक काम पत्र वाचल्याबरोबर करा. वहिनीच्या पलंगाखाली माही पत्र्याची पेटी आहे, तिच्यात अजून दोन पॅक आहेत. ते सावलीत आंगणात नेऊन विटांवर ठेवा, जवळ लाकूड-कपडा नको. फुगलेले दिसले तं हात लावू नका, टोचून तं बिलकुल पाहू नका, मले कळवा.

चार्जर फेकू नका, लावूही नका. शेजारी म्हणतात का तो खराब होता. तो खराब नाही. लिथियमचा सेल फार उतरला का तो चार्जर घेतच नाही, बीप-बीप करून नाही म्हणते. बरोबरच करते. असा सेल आतून बिघडलेला असते, त्यात जबरदस्तीनं करंट लोटला का पेटते. चार्जरले फसवाचा एक रस्ता आहे. बॅटरीची जात बदलून लेड ॲसिड, म्हंजे शिशाची, करून द्याची, म्हंजे तो काही न विचारता भरत जाते. पण दादा, लिथियम हे शिसं नाही. अन् चांगला पॅकही चार्जिंगले लावला का मानसानं तिथून उठू नये.

हाताचं कोणी विचारलं तं स्कूटरवरून पडलो म्हणून सांगतो.

लोभ आहे तेवढा राहू द्या.
तुमचा, अजून म्हणू देत असाल तं,
प्रवीण


भिलाई, सेक्टर ७
१७ मार्च २०२४

ती. स्व. ताईस,
बाबारावचा नमस्कार. चिंधी माह्या खिशात आहे. शनिवारपासून तोच शर्ट घालून बसलो, धुवाले टाकाची हिंमत होत नाही.

एकतीस वर्षं प्लांटाच्या बॅटरी रूममध्ये काढली मी. शिशाचा सेल मेला का त्याले बूस्ट द्याचा, दोन दिवसांत उठून बसे. असे शंभरेक उठवले असतील. रिटायर झाल्यापासून मले कोणी काही विचारत नाही, ताई. रविवारी मैदानावर प्रवीणचे विमानं उडणार होते अन् एक पॅक कमी पडून राहिला होता. म्हटलं, पोट्ट्याले दाखवून देतो दादा काय चीज आहे. चिंधी सोडली. चार्जर बीप-बीप करून नाही म्हणे, मी लेड ॲसिड लावलं. गुमान चालला. मी हसलो, अन् समोरच्या खोलीत पेपर वाचत बसलो.

कलावती किंचाळली तेव्हाच मले समजलं. प्रवीण दारात आला, त्यानं चार्जरकडे पाहिलं, मंग माह्याकडे पाहिलं. त्यालेही समजलं. त्यानं बोलू नये म्हणून मी मारलं. अन् तो तं बोलणारच नव्हता!

कलावतीनं मले चिंधी सोडताना पाहिलं होतं. काल पट्टी बदलताना विचारलं का तवा बोलली काहून नाही. म्हणाली का बोलली असती तं पाइप तिच्यावर फिरला असता, तीस वर्षं ती माह्या हाताले ओळखते. आंगणात जाऊन ढसाढसा रडलो.

दोन्ही पॅक विटांवर ठेवले, फुगले नाहीत. आजूबाजूच्या सहा घरी जाऊन सांगून आलो का आग मी लावली. प्रवीणले घरी पाठव. नाही आला तं समजीन.

लोभ ठेव म्हणाले तोंड नाही.
तुहा बाबाराव


उतई
१९ मार्च २०२४

चि. बाबारावास,
आशीर्वाद. तू न्याय मागितला होता, तो ऐक.

प्रवीणनं तुहं पत्र दोनदा वाचलं अन् पिशवी भरून ठेवली. रविवारी मी त्याले घेऊन येते. त्या घरात आता वहिनीचा उजवा हात नाही, दिराचा उजवा हात नाही. तुहे तेवढे दोन्ही शाबूत आहेत. मंग भाकर तूच थापजो, दोघाले घास तूच भरवजो, कलावतीची वेणी तूच घालजो. येत नसन तं शिक.

ती चिंधी धुऊन ठेव. रविवारी मी ती तुह्या उजव्या मनगटाले बांधीन. ज्यानं बांधली त्यानंच सोडाची, नियम तुहाच आहे. अन् कवा सोडाची, ते मी कलावतीले विचारीन.

तुही ताई
सिंधू