तेरा चित्रं, नऊ तक्ते

३ मार्च, सकाळ
प्रबंध लिहून झाला. आता उरलीय ती हमाली. उन्हातल्या आणि सावलीतल्या पानांचे सूक्ष्मदर्शकाखालचे तेरा फोटो, नऊ तक्ते. आपापल्या जागी बसवायचे, बस. उद्या दुपारपर्यंत उरकतो. मार्गदर्शक सरांनी यासाठी तीन आठवडे दिलेत. स्वतःच्या वेगावरून हिशेब केला असणार बिचाऱ्यांनी.

४ मार्च
चित्र ३ केसभर डावीकडे सरकवलं. चित्र ९ गायब. तक्ता ४ मधोमध तुटून दोन पानांवर. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने जन्मात प्रबंध लिहिलेला नाही. उद्या नक्की.

६ मार्च
थीसिस विभागातल्या बाईंकडे गेलो. तक्त्याचं शीर्षक वर, चित्राचं खाली. का, असं विचारलं. तसंच असतं, म्हणाल्या. ज्ञानाचा कारभार हा असल्या लोकांच्या हाती! शिवाय फोटो किती पट मोठा केलाय ते कळायला प्रत्येकावर त्याची मोजपट्टी हवी. पान दिसतंय ना? मग झालं की.

९ मार्च, रविवार
बाबा मागे येऊन उभे. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढले, त्यामुळे रेघ दिसली की सल्ला द्यायची सवय. म्हणाले, मूळ फोटो वेगळे ठेव, काम प्रतीवर कर. त्यांना कॉम्प्युटर म्हणजे ड्रॉइंग बोर्डच वाटतो. मान डोलावली. वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये. ऐकूही नये.

१४ मार्च
कॉम्प्युटर कासवासारखा चालतोय. फोल्डरमध्ये चारशे बारा फोटो, सगळ्यांची नावं नुसते आकडे. कामाचे तेरा ठेवले, बाकी उडवले. रिसायकल बिनही रिकामं केलं. कसं मोकळं वाटलं. बाबांनी विचारलं, प्रत ठेवलीस ना? हो म्हटलं. सगळं डोक्यात आहे माझ्या.

१९ मार्च
सरांचं म्हणणं, तक्त्यात कुठे दशांशानंतर दोन आकडे, कुठे पाच, असं कसं? वाण्याची नजर. एका फटक्यात सगळे पूर्णांक करून टाकले. तक्ता ६ मध्ये पानांची जाडी उन्हातही शून्य आणि सावलीतही शून्य आली, पण दिसायला किती सुबक! आत कोण डोकावतंय.

२१ मार्च
मोजपट्ट्या टाकल्या. एक काढली, तेरा ठिकाणी चिकटवली. वीस मिनिटं. लोक यात आयुष्य घालवतात.

२४ मार्च
सकाळी प्रबंध दिला. बाईंनी पानं मोजून घेतली. त्यांना तेवढंच येतं.

दुपारी सरांनी बोलावलं. टेबलावर चित्र ७ आणि चित्र ८ शेजारी शेजारी. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "ऊन आणि सावली, दोन्हीकडे एकच पान आहे. कोपऱ्यातला हवेचा बुडबुडासुद्धा तोच."

नजरचूक, म्हटलं, आत्ता बदलतो. त्यांनी सावलीचा मूळ फोटो मागितला. मग त्या पानाचा काप असलेली काचपट्टी मागितली. काचपट्ट्या मी फेब्रुवारीतच धुऊन प्रयोगशाळेत जमा केल्यात. स्वच्छतेबद्दल तिथल्या मदतनीसाने शाबासकी दिली होती. हे सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

२५ मार्च
फोटो परत मिळवण्याचे सगळे उपाय करून पाहिले. काही मिळालं नाही. तक्ता ६ सरांनी अजून पाहिलेला नसावा.

२६ मार्च
पाहिला.

२८ मार्च
नवीन तारीख सप्टेंबरची. पुन्हा रोपं, पुन्हा पानं, पुन्हा फोटो. घरी सांगितलं. वाटलं, बाबा आता ऐकवतील. त्यांनी एवढंच विचारलं, "पान कापण्याजोगं व्हायला किती दिवस लागतात?" ऐंशी, म्हटलं. ते उठून गच्चीत ऊन कुठपर्यंत येतं ते बघायला गेले.

२९ मार्च
रोपवाटिकेत गेलो. बारा कुंड्या, बियांची दोन पाकिटं. तिथल्या बाईंनी कौतुकाने विचारलं, मुलाचा शाळेतला प्रकल्प आहे का?

हो म्हटलं.