घड्याळाने मोजलेली पावलं

मंगळवार संध्याकाळ, बेळ्ळंदूर

आज घड्याळाने पावलं मोजली एकदाची! आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला रोज सोसायटीत फिरवतेय, पण या मेल्याच्या हिशेबी मी बसूनच. रीस्टार्ट केलं. शेजारच्या अक्का म्हणाल्या म्हणून पट्टाही त्यांच्या भाषेत 'स्वल्प', म्हणजे थोडासा, घट्ट केला. तरी ढिम्म!

आज आकडा दिसला तशी ओरडलेच, "आई, झालं दुरुस्त!"

चहा गाळता गाळता ती म्हणाली, "अगं, आज मी तुझा हात धरलाच नाही. कळलं तरी का?"

नाही कळलं. हात हलला तरच पावलं मोजतं ना ते! आणि घड्याळाचा हात इतके दिवस तिच्या मुठीत.

देवा, उपकार तुझे. मनगटाला मात्र चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय. वाटू दे.